सगळ्यात लहान माप

बोलता बोलता डॉक्टरांनी टेबलाचा ड्रॉवर ओढला, आतून एक झडप काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "घाबरू नका, हातात घेऊन बघा. एवढीशी असते. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळीने वर न्यायची आणि तुमच्या जुन्या झडपेच्या आत नेऊन उघडायची. छाती फाडायची गरज नाही." मी घाबरले नव्हतेच. माझं अर्धं आयुष्य याच झडपा हाताळण्यात गेलंय. सवयीने मी ती उजेडाकडे धरली, अंगठ्याने फिरवली, टाक्यांवर नजर गेली आणि अंगठा तिथेच थांबला. गाठी उलट्या कललेल्या होत्या. आमच्या कारखान्यात सगळ्या बायकांच्या गाठी उजवीकडे कलतात. डावीकडे फक्त एकीच्या. आणि दाखवण्यासाठी म्हणून डॉक्टरांकडे जे नग जातात, ते तपासणीत बाजूला काढलेले असतात, हेही मला माहीत होतं, कारण तपासणीला मीच बसते. म्हणजे माझ्या धाकट्या जावेने शिवलेली आणि मी नापास केलेली झडप हे गृहस्थ मला कौतुकाने दाखवत होते. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेजारी हे बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." डॉक्टर सांगतच होते. ही झडप कितीतरी वर्षं त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, येणारा प्रत्येक पेशंट ती दाबतो, मिटतो, उघडतो, एका आजोबांनी तर खिशात घालून घरी नेली होती आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. ते हसले. मी मात्र बोटाने पाकळ्यांची कड चाचपत होते. दाखवायच्या नगांना वेगळं काहीतरी लावतात म्हणून पाकळ्यांचं कातडं कोरडं पडलं तरी तडकत नाही, नुसतं पिवळं पडतं. तसं ते पिवळं पडलं होतं. चौकट एका ठिकाणी जराशी दबली होती. पण टाका एकही ढिला नव्हता. मी तीनदा फिरवून बघितलं. एखादा सैल असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि मी ती झपकन टेबलावर ठेवून दिली.

माझं दुखणं एक असतं तर मी कुणाच्या दारात गेले नसते. आधी कपडे बदलायच्या खोलीत दम लागायला लागला. कारखान्यात आत जाताना आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरं चढवावं लागतं, आणि वाकून पायमोजे घालतानाच डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग रक्त कमी निघालं. रक्त का कमी म्हणून शोधत गेले तर मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. वेळेवर सापडला, कापून काढला की सुटाल, असं पोटाचे डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही दोघं जिना उतरताना अगदी हसतसुद्धा होतो. मग भूल देण्याआधीच्या तपासणीत कळलं की हृदयाची झडप दगडासारखी झालीय, भूल दिली तर टेबलावरच संपेन. पोटाचे डॉक्टर म्हणाले आधी हृदय करून या. हृदयाचे सर्जन म्हणाले, छाती उघडली तर अंग भरून यायला महिने जातील, तोवर पोटातलं थांबणार आहे का, आधी पोट करा. इकडे आड तिकडे विहीर. या मजल्यावरून त्या मजल्यावर आम्ही फिरत होतो आणि लिफ्टच्या आरशात दर वेळी मी थोडी कमी दिसत होते. शेवटी सगळे डॉक्टर एकत्र बसले आणि त्यांनी ही नळीची वाट काढली. झडप नळीने बसवायची, दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे आणि मग पोट. दुसरी वाट नाही.

"माझ्यासाठी माप कोणतं?" मी विचारलं. डॉक्टरांना गंमत वाटली. सगळ्यात लहान, म्हणाले, तुमची अंगकाठीच तशी. मला ते ठाऊकच होतं, पण कुणी तोंडाने म्हणेपर्यंत माणूस आशा ठेवतो. मी विचारलं, दुसऱ्या कुठल्या कंपनीची नाही का चालणार? आता हे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांच्या नळ्या जाड आहेत. तुमच्या पायातली वाहिनी बारीक, त्यात वळणं. हीच एक जाते. आणि चांगली आहे हो, मी पुष्कळ बसवल्यात." मी म्हटलं, विचार करून सांगते. ते म्हणाले, विचार करा, पण उद्यापर्यंत, पोटाचे डॉक्टर थांबलेत. पोटाचे डॉक्टर थांबले होते, पोटातलं थांबलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात लहान मापाची झडप शिवणं सगळ्यात अवघड. तेवढेच टाके, पण जागा निम्मी. मायक्रोस्कोपखाली सुई आणि दोरा, आणि दोरा केसापेक्षा बारीक. मोठ्या मापाला चुकलेला हात सावरता येतो, लहान मापाला सावरायला जागाच नसते. पूर्वी आमच्याकडे ते दोघी करायच्या. त्यातली एक निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेली. आता एकटी धाकटी करते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, ह्यांच्या धाकट्या भावाची बायको, भिंतीपलीकडच्या घरात राहणारी, जिच्याशी मी कितीतरी वर्षांत धड बोललेली नाही. आणि तिचे सगळे नग तपासते मी. आजारी पडून घरी बसेपर्यंत रोज तपासत होते. म्हणजे कपाटात माझ्यासाठी जी कुठली झडप ठेवलेली असेल ती तिने शिवलेली असणार आणि मी पास केलेली असणार. नको म्हणावं तर पास कशी केली होती? आणि हो म्हणावं तर तिचा हात कायमचा काळजात घेऊन फिरायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्यातली गत. घरी येताना बसमध्ये मी हाच गुंता उलटसुलट करत राहिले आणि दोन स्टॉप पुढे गेल्यावर ह्यांनी दंडाला धरून उठवलं.

तिला कारखान्यात मीच नेलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा बोटं बघूनच मी म्हटलं होतं, ही शिवणार. डावरी होती, म्हणून मास्तरीणबाई घेईनात. मी म्हटलं, मी शिकवते. तिच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसायचे, म्हणजे माझा उजवा हात तिला आरशातल्यासारखा दिसायचा आणि ती डाव्याने तसंच करायची. महिनोन्महिने आम्ही अशा समोरासमोर बसलो. जनावराच्या हृदयावरचं ते पातळ कातडं सतत ओलं ठेवावं लागतं, क्षणभर विसरलं तरी ते सुकतं आणि अख्खा नग वाया जातो. "ओलं आहे ना?" हा आमच्याकडे रामराम. दिवसातून शंभरदा कुणी ना कुणी कुणाला तरी विचारत असतं. घरीसुद्धा मी कापून ठेवलेल्या फळावर ओलं फडकं टाकते, आणि हे म्हणतात, "माझ्या टकलावरही शिंपड थोडं, सुकत चाललंय." तिला ही सवय मी लावली. रात्री झोपेत बरळते, ओलं आहे ना, असं भावजींनी एकदा जेवताना सांगितलं होतं आणि आम्ही दोघी ठसका लागेपर्यंत हसलो होतो. तेव्हा आमच्यात हसू होतं.

मग मी तपासणीला गेले. कंपनीने दिलेल्या शिवणीच्या नकाशावर गाठी उजव्या अंगाला काढलेल्या होत्या आणि तिच्या पडायच्या डाव्या अंगाला. आधीच्या बाई सोडून द्यायच्या. मी नकाशा वाचला आणि एका दिवसात तिचे तीन नग बाजूला काढले. त्याच आठवड्यात लाइनची मुख्य कोण हे ठरायचं होतं. तिचं नाव पुढे होतं, ते मागे पडलं. त्या संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, टाका ओढून बघायचा होता. सुटतो का ते बघायचं. गाठीचं तोंड कुठंय ते काय बघता?" मी म्हटलं, नियम तो नियम, घरची म्हणून सोडू का. ती म्हणाली, "घरची म्हणून धरलंत." एवढंच. दार लावून गेली ती गेलीच. पुढे कंपनीने नकाशा बदलला, गाठ कुठल्याही अंगाला चालेल म्हणून लिहिलं. पण तेव्हाचा नियम तेव्हाचा. आजही कुणी मला शपथ घालून विचारलं तर मी हेच म्हणेन. त्या दिवशी त्या टेबलावर पुन्हा बसवलं तरी मी ते तीन नग बाजूलाच काढीन. एवढं सगळं मला स्पष्ट कळत होतं, आणि तरी तळहातावर त्या पिवळ्या झडपेचा स्पर्श राहिला होता. हात दोनदा धुतला, गेला नाही.

आमचं न बोलणं कसं चालतं ते बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. शिवणारी आणि तपासणारी यांच्या मध्ये काचेची भिंत असते, भिंतीत एक खिडकी. नग तयार झाला की ती ट्रे खिडकीतून सरकवते आणि हात मागे बांधून उभी राहते. मला तिची कोपरं तेवढी दिसतात. मी भिंगाखाली बघते, बघून झालं की एक शब्द म्हणते. पास, नाहीतर बाजूला. इतकी वर्षं मी तिच्याशी थेट बोललेले हे दोनच शब्द. बाजूला म्हणायची वेळ फार कमी आली, हेही सांगायला हवं. उलट कधीकधी तिचा एखादा नग इतका देखणा असायचा की मी उगाच जास्त वेळ बघत बसायचे, आणि पलीकडे ती कोपरं जराशी हलायची. तिला वाटत असणार, मी खोट शोधतेय. वाटू दे, म्हणायचे मी. घरी आल्यावर ह्यांच्या नाहीतर भावजींच्या तोंडून बोलणं. "सांगा त्यांना, नळाचं पाणी उद्या नाही." "सांगा तिला, कळलंय." नळ आमचे पाठीला पाठ लावून आहेत. ती भांडी घासते तेव्हा माझ्या भिंतीत पाणी वाहतं. तिचा ताप, तिचं जागरण, तिच्या घरचं भांडण, सगळं मला त्या पाण्यावरून कळतं.

त्या दिवशी हे चपला न काढताच पलीकडे गेले आणि सगळं सांगून आले. मी भिंतीला टेकून उभी होते. पलीकडे नळ चालू होता तो बंद झाला. थोड्या वेळाने हे परत आले, म्हणाले, "ती विचारतेय, माप कोणतं?" दुसरी कुणी असती तर विचारलं असतं, दुखतंय का, कधी करायचंय, पैसे आहेत का. मी म्हटलं, "सांगा, सगळ्यात लहान." हे गेले. परत आले. "ती म्हणतेय, नको असेल तर त्यांनी सरळ नको म्हणावं. मला वाईट वाटणार नाही." मी म्हटलं, "तिला सांगा, मी कुठे नको म्हटलंय?" हे दारातच थांबले. म्हणाले, "अगं, मी काय तुमचा टेलिफोन आहे का? जीव तुझा जातोय. हो म्हणायचंय की नाही तेवढं मला सांग." त्यांचा आवाज फाटला होता. टकलावर घाम होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. मरणाची वाटली. आतापर्यंत मी गाठीची तोंडं मोजत बसले होते. मी म्हटलं, हो म्हणून कळवा. आणि भिंतीत पुन्हा पाणी सुरू झालं. ती ऐकत होती.

ठरलेल्या दिवशी सकाळी मला आत नेलं ती खोली थेट आमच्या कारखान्यासारखी. तसाच गारठा, तशीच टोप्या घातलेली माणसं, तसेच मास्कवरचे डोळे. एवढाच फरक, की इथे ट्रेमध्ये मी होते. पूर्ण भूल देणार नव्हते. जांघेपाशी बधिर करून, वरून थोडं गुंगीचं औषध. हातांना मऊ पट्टे बांधले. एक तरुण सिस्टर माझं मन रमवायला म्हणाली, "काकू, काम काय करता?" मी म्हटलं, शिवणकाम. "अय्या, म्हणजे कपडे?" मी म्हटलं, "नाही गं, बारीकसारीक. लहान मापाचं." ती म्हणाली, म्हणजे बाळांचं, किती गोड. मी हो म्हटलं. काय सांगणार होते तिला? जांघेत दाब आला, मग काहीतरी आत सरकल्याची नुसती जाणीव, दुखणं नाही. छताला एक चौकोनी पत्रा होता, त्याला बारीक भोकं होती. मी ती बघत राहिले. मान वळवायची नव्हती. पडद्यावर माझंच हृदय दिसत होतं म्हणे, पण पडदा त्यांच्याकडे तोंड करून होता. माझ्या आतलं सगळ्यांना दिसत होतं आणि मला भोकं.

मग मला तो आवाज आला. बरणीचं झाकण फिरवल्याचा. झडप आमच्याकडून औषधी पाण्यात बुडवून जाते, ती आधी काढून स्वच्छ सलाईनमध्ये खळबळून धुवावी लागते. वाडगा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, पाण्यात काहीतरी हलवल्याचा आला. माझी झडप माझ्या उजव्या हातापासून दोन हातांवर होती आणि मला दिसत नव्हती. मग पाण्याचा आवाज थांबला. कुणीतरी काहीतरी विचारलं, डॉक्टर पलीकडे कुणाशीतरी बोलायला लागले, कुठलीशी तार बदलायची चर्चा निघाली. मी वाट बघत होते की पुन्हा पाणी हलेल. हलेना. बाहेर काढून ठेवली असणार. ट्रेवर नुसतीच ठेवली असणार, दिव्याखाली. ह्या दिव्यांखाली कातडं किती झटपट सुकतं ते ह्या लोकांना काय माहीत, आधी कड पांढरी पडते, मग पाकळी कडक होते, आणि धाकटीने कित्येक तास डोळे फोडून शिवलेला नग वाया जातो. गुंगीत मला ती कड पांढरी पडताना चक्क दिसली. "ओलं ठेवा, अगं ओलं ठेवा!" मी ओरडले आणि हात उचलला. पट्ट्यातून अर्धा बाहेर आला. छातीत काहीतरी आडवं फिरल्यासारखं झालं, यंत्र ओरडायला लागलं, चार हातांनी मला दाबून धरलं. डॉक्टरांचा आवाज एकदम वेगळा झाला. "बाई, हलायचं नाही. तुमच्या हृदयात तार आहे. हलायचं नाही." मी दगड झाले. यंत्र हळूहळू शांत झालं. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, वाडग्यातच आहे हो. पाण्यातच आहे. काढलीच नाही अजून." हात पुन्हा बांधला, आता घट्ट. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं आणि पुसायला हात नव्हता.

तिच्या नगासाठी मी जीव देत होते, हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या जिवासाठी मी असा हात उचलला नसता. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी मला सुकण्याची भीती वाटली, शिवणीची वाटलीच नाही. शिवण उसवेल असं माझ्या मनात, गुंगीतसुद्धा, आलं नाही. इतकी वर्षं मी खिडकीपाशी बसून काय बघत होते मग? त्यांनी नळी वर आणली. सिस्टर कानाशी म्हणाली, "आता काकू, थोडा वेळ हृदय फार जोरात पळवणार आहोत, म्हणजे झडप सरकणार नाही. गरगरेल. घाबरायचं नाही." कुणीतरी म्हणालं, चालू. छातीत पिंजऱ्यात अडकलेलं पाखरू फडफडावं तसं सुरू झालं आणि लगेच सगळं खालून निसटायला लागलं. श्वास आत जाऊनही लागेना. ओरडावं तर आवाज नव्हता. भोकांचा पत्रा काळा होत होत मधोमध एवढासा उरला, भिंगातून दिसतो तेवढा गोल, आणि त्यात गाठी दिसल्या. एकामागे एक, सगळ्या डाव्या अंगाला. मी मोजायला लागले, कारण तपासताना मोजतेच. मोजणं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून धरलं. बंद, असं कुणीतरी म्हणालं.

आणि मग शांतता, आणि शांततेत एक ठोका. पाठोपाठ दुसरा. पायाची बोटं गरम झाली. किती महिने ती गार होती ते मला माहीतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बसली. एकदम झकास बसली," आणि खोलीत सगळेच एकदम बोलायला लागले.

दुपारी मला खोलीत आणून ठेवलं. जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ, गुडघा वाकवायचा नाही, मान उचलायची नाही, खोकायचं झालं तर आधी सिस्टरला हाक मारायची. घरी धाकटी समोर आली की मी तोंड भिंतीकडे करते. इथे भिंत डाव्या हाताला होती आणि वळता येत नव्हतं. हे औषधं आणायला खाली गेले होते. दार उघडलं आणि ती आत आली. सरळ कामावरून आली असणार, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ तसाच होता. पलंगाच्या पायाशी उभी राहिली. इकडेतिकडे बघितलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "त्यांना म्हणावं..." आणि थांबली. खुर्ची काय निरोप देणार? केस पांढरे झालेत हिचे, मी बघितलं. मला फक्त कोपरं माहीत होती.

"ताई," ती म्हणाली, "ऐकू का जरा?"

"काय?"

"ती. इतक्या शिवल्या, एकही चालताना ऐकली नाही मी."

कुणीच ऐकलेली नाही. आम्ही शिवतो, तपासतो, बरणीत घालतो, पुढे त्या कुणाच्या छातीत जातात आणि तिथे काय करतात, परत येऊन कुणी सांगत नाही. मी मान हलवली, म्हणजे डोळ्यांनीच हो म्हटलं. ती वाकली आणि तिने माझ्या छातीवर कान ठेवला. डोक्याचं वजन पडलं. कारखान्यातल्या त्या साबणाचा वास आला. मला जोरात श्वाससुद्धा घेता येईना, सरकता येईना, पाय बांधल्यासारखा सरळ, हाताला सुई, वर ही. इतकं जवळ मी हल्ली कुणालाच येऊ देत नाही. मला तिला ढकलावंसं वाटलं आणि ती उठू नये असंही वाटलं. तिने डोळे मिटले होते.

"काहीच आवाज येत नाही हो," ती म्हणाली. "नुसतं हृदय वाजतंय."

"यायलाच नको. झडपेचा आवाज आला तर नापास."

ती उठली. दोन पावलं मागे सरली आणि हात मागे बांधून उभी राहिली. कोपरं बाजूला आली. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. शब्द तोंडात तयार होता, रोजच्या सवयीचा, एका श्वासाचा. आणि तो मला म्हणवेना. एवढ्याशा शब्दाने भागण्यासारखं ते राहिलं नव्हतं. खाली आतड्यात ते तसंच बसलेलं होतं, दोन-तीन आठवड्यांनी पोट फाडायचं होतं, तेव्हा भुलेतून उठेन की नाही ते ही झडपच ठरवणार होती. आत्ता पास म्हणून मोकळं होणं म्हणजे खिडकी बंद करणं.

"चालवून बघते," मी म्हटलं. "पोटाचं होऊ दे. मग दहा वर्षं चालवते. मग सांगते."

तिने मागे बांधलेले हात सोडले. रडली नाही, आमच्यात रडण्यातली ती नाहीच.

"दहा वर्षं मी काय इथं उभी राहू?"

"उभी कशाला? खुर्ची आहे ना. बस."

तिने खुर्ची ओढली. भिंत नव्हती त्या बाजूला, अगदी उशाशी. बसली आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागली, मी तिच्या नगाकडे बघायचे तसं. मग काही न विचारता कपाटावरचा कापूस घेतला, पेल्यातल्या पाण्यात बुडवून पिळला, डाव्या हाताने, आणि माझ्या ओठांवरून फिरवला. "सुकलेत," म्हणाली. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मला तोंड वळवता येत नव्हतं.

"अजून," मी म्हटलं.